पेटीतला काळा किमोनो

३ जानेवारी

कोमल, उशीर झाला, रागावू नको. दिवाळीत तू ही वही हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "नाना, रोज थोडं थोडं लिहा, आठवेल तसं." दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, नाताळही गेला. आज पहिलं पान.

कारणं आहेत. एक तर माझं अक्षर. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. दुसरं म्हणजे तुझ्या अभ्यासाचा विषय. फक्त प्रौढांसाठीच्या जपानी पिक्चरांमधला किमोनो. असलं काही आजोबाने नातीसाठी लिहायचं म्हणजे हात अडखळणारच. आणि तिसरं कारण तुझा बाप.

सुनील अजून तुझं नाव काढत नाही. दिवाळीत त्याने तुला विचारलं, कशावर अभ्यास करतेस, आणि तू सरळ सांगून मोकळी झालीस. तो काय म्हणाला ते तुला माहीत आहेच. "या घरातला एक माणूस त्या धंद्यात गेला तेवढं पुरे झालं." तो माणूस मी. समोरच बसलो होतो, हातात चकली.

तू फेब्रुवारीच्या शेवटी वर्षभरासाठी जपानला जाणार. त्याआधी बापलेक बोलले पाहिजेत. मला दुसरं काही नको. एवढं झालं नाही तर मला झोप लागणार नाही.

परवा सुनील ओझरच्या कारखान्यात ड्युटीवर, तुझी आई वैशाली नामपूरला तिच्या आईला आणायला गेलेली, तेव्हा तू पुण्याहून घाईघाईने येऊन किमोनो देऊन गेलीस. "हा बघत बघत लिहा. मला शिकवणाऱ्या जपानी बाईंचा आहे, जिवापलीकडे जपा." पेटीत ठेवला आहे. वरचेवर उघडून बघतो. असतो.


६ जानेवारी

नामपूरहून विहीणबाई आल्या. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच करायचं आहे. त्यांना माझ्या शेजारची खोली दिली.

पेटीत डांबरगोळ्या टाकाव्यात का? रेशीम आहे, वास धरेल. नाही टाकल्या तर कसर लागेल. दिवसभर हेच. शेवटी कडुलिंबाचा पाला वाळवून फडक्यात बांधून ठेवला. मग वाटलं, पाल्यातून किडे आले तर? काढला.

किमोनोचा कमरेचा पट्टा वेगळा आहे, तोही काळाच, चांगलाच लांब. तो वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या तळाशी, तुझ्या आजीच्या लुगड्याखाली ठेवला. एकाला कसर लागली तर दुसरं तरी वाचेल.

तू माझ्यावर घालून दाखवलंस ते लक्षात ठेवलं आहे. डावी बाजू वर, उजवी आत. उलटं फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. तुला मी तेव्हा बोललो नाही, पण मला लगेच रामकुंड आठवलं. तुझ्या आजीच्या दहाव्याला गुरुजी म्हणाले, उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्या, अपसव्य करा. म्हणजे तिकडेही मेलेल्यांची बाजू वेगळीच. इतक्या लांबचा देश. बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.


१० जानेवारी

लिहितो एकदाचं.

आपल्या टॉकीजला मी मशीन चालवणारा ऑपरेटर होतो. दुपारपासून घरच्यांची पिक्चरं आणि सकाळी मॉर्निंग शो. मॉर्निंग शोला बायामाणसं नाहीत. इंग्रजी असायचं, कधी मल्याळी, आणि अधूनमधून जपानी. जपानीला गर्दी जास्त. का, तर कोणीतरी उठवलेलं की जपानीत सगळं दाखवतात.

काही दाखवायचे नाहीत. सेन्सॉरने इतकं कापलेलं असायचं की शेवटी नुसतं वस्त्र उरायचं. बाई यायची, पाठमोरी बसायची. मानेच्या मागे किमोनोची गळपट्टी जराशी खाली ओढलेली, तेवढी मान दिसायची. मग पट्टा सोडायला सुरुवात. तो पट्टा संपायचाच नाही. ती गोल फिरते आहे, पट्टा जमिनीवर वेटोळी घालतो आहे. आता काहीतरी होणार म्हणून पब्लिक खुर्चीच्या टोकाला, आणि कट. पुढच्या चित्रात किमोनो एका आडव्या बांबूवर दोन्ही हात पसरून टांगलेला. बाजूला दिवा. लगेच सकाळ. ती बसून पुन्हा पट्टा बांधते आहे.

सोडलेलं दिसायचं, बांधलेलं दिसायचं. मधलं काही नाही.

मग ओरडा. "ए ऑपरेटर, रीळ खाल्लंस का रे!" "घरी नेऊन बघतो काय!" मी काय करणार, डबा आला तसा लावला. मशीनच्या खडखडाटात मला केबिनमध्ये पिक्चरमधलं बोलणं ऐकू येत नसे, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नसत. मी बारक्या काचेतून नुसतं कापड बघायचो.

बांधायचा भाग मला आवडायचा. लोक तेव्हा उठून चपला शोधत असत. पण सोडायला दुसरा कोणी असला तरी बांधायची ती एकटीच. घाई नाही. एक घडी, दुसरी घडी, मागे गाठ, हात फिरवून सरळ. सगळं झाल्यावर ती पुन्हा आदल्या दिवशीसारखी दिसायची, पण नसायची. हे तुझ्या कामाचं आहे का नाही मला कळत नाही. नसेल तर खोड.

आणखी एक. काळा किमोनो आला की शिट्ट्या वाढायच्या. मला वाटायचं, तिकडची श्रीमंत बाई सणाला नटून आली. आपल्याकडे संक्रांतीला चंद्रकळा नेसतात तसं.

हे वाचून तू हसशील. हसलीस तरी चालेल. सुनीलच्या हाती वही लागू नये म्हणून उशीच्या खोळीत ठेवतो. मान अवघडते.


१४ जानेवारी

घोटाळा झाला. घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

आज संक्रांत. वैशालीने संध्याकाळी हळदीकुंकू ठेवलेलं. वाणाचे स्टीलचे डबे माझ्या खाटेखाली ठेवलेले होते. ते काढता काढता तिने माझी पेटी बाहेर ओढली आणि वर माझंच उपरणं दिसलं म्हणून धुवायला काढलं. खाली किमोनो.

मी संडासात होतो. बाहेर येतो तर ती खोलीच्या मध्ये उभी, काळं रेशीम दोन्ही हातांवर, डोळे भरलेले. "नाना, कोमलने माझ्यासाठी पाठवलं ना? संक्रांतीचं काळं? आणि तुम्ही लपवून ठेवलं होय मला आश्चर्याचा धक्का द्यायला!"

कोमल, माझ्या तोंडून हो गेलं नाही. पण नाहीही गेलं नाही. दिवाळीपासून ती तुझ्यासाठी मनातल्या मनात कुढते आहे, नवऱ्यापुढे बोलत नाही. तिला नाही कसं म्हणू?

तोपर्यंत विहीणबाई भिंत धरत आल्या आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय शे व? कोट शे का झगा?"

"आई, जपानचं आहे. कोमलने पाठवलं."

"बटनंच नई तेले."

मी "थांब, थांब" म्हणेपर्यंत वैशाली देवघरापाशी पोहोचली. नवं वस्त्र अंगाला लावण्याआधी आपल्यात करतात तेच केलं. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, खालच्या कोपऱ्याला. ओलं बोट. देवापुढे धरलं, डोळ्यांना लावलं. मग साडीवरूनच अंगात घातला आणि आरशासमोर कोटासारखा आवळला. उजवी बाजू वर.

मी ओरडलो, "अगं डावी! डावी वर! उजवी मेलेल्याची!"

ती पांढरीफटक. विहीणबाई म्हणाल्या, "याही, सनवारना दिनले काय बोलतस!"

पुढे कसं निस्तरलं आठवत नाही. बायका यायला लागल्या. तिने किमोनो माझ्या खाटेवर ठेवला. विहीणबाई आत माझ्याजवळच बसून राहिल्या. बाहेर हळदीकुंकू सुरू झालं की त्या आतच असतात, त्यांचे मालक वारल्यापासून. आम्ही दोघं, आणि मध्ये काळा किमोनो. बाहेर हसणं चाललेलं. त्या हळूहळू बोटांनी कापड चाचपत होत्या. म्हणाल्या, "गार शे."


१५ जानेवारी

सकाळी सुनील गेल्यावर वैशालीला खरं सांगितलं. तुझ्यासाठी नाही बाई, दुसऱ्याची वस्तू आहे. तिचा चेहरा बघवेना. मग रडणं राहिलं बाजूला आणि डाग दिसला. ओल्या फडक्याने पुसायला गेली, पसरला. हळद पिवळी, कुंकू लाल, काळ्यावर दिव्यासारखं दिसतं. शेजारच्या भामरेबाईंना दुसऱ्याच साडीचं नाव करून विचारलं. त्या म्हणाल्या, हळद उन्हाने उडते, कुंकवाचं देव जाणे.

मी म्हटलं, ऊन देऊ. वरून पातळ मलमल टाकली, रंग विटायला नको म्हणून. दोरीवर टाकला तर घडी पडेल, म्हणून बाह्यांतून बांबू घातला आणि गच्चीवर दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवला. मलमल वाऱ्याने उडून गेली ते मला कळलंच नाही, मी खाली वैशालीला धीर देत बसलो होतो.

सुनील आज लवकर आला. टाकीत पाणी आहे का बघायला परस्पर वर गेला. वरून आवाज, "नाना! गच्चीवर कोण उभं केलंय?"

आम्ही दोघं जिन्यात. काय सांगायचं? वैशाली म्हणाली, भामरेबाईंचं आहे. मी त्याच वेळी म्हणालो, माझं आहे. सुनील एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. "भामरेबाईंचं तुमच्याकडे कशाला?"

मग सगळं सांगितलं. कोमल आली होती, बाईंचा किमोनो, संक्रांत, बोट. मला वाटलं आता भडकणार. सकाळची गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून दुसरी घेतली नाही.

तो डागाकडे वाकून बघत राहिला. कारखान्यात एखादा भाग तपासतो तसा, बोट न लावता. म्हणाला, "उन्हातून काढा आधी. हे आपलं नाही."

"मी म्हणते कोणाला कळणार नाही, आतल्या बाजूला वळवलं तर," वैशाली.

"कळेल नाही कळेल हा प्रश्नच नाही ना. दुसऱ्याची वस्तू आहे. खराब झाली, सांगायचं."

"कोण सांगणार?" मी विचारलं.

तो खाली गेला.


१६ जानेवारी

काल लिहायचं राहिलं, कारण त्यानंतर त्याने फोन केला. तुला. आम्हा दोघांसमोर. तुझ्यासाठी हे नवं नाही, पण इकडून कसं दिसलं ते लिहितो, कारण मला ते लिहून ठेवायचंच आहे.

आधी चहा घेतला. मग शर्ट बदलला. फोनवर बोलायला शर्ट कशाला बदलायचा? पण बदलला.

"हं. पप्पा बोलतोय."

वैशालीने माझा दंड घट्ट धरलेला.

"जेवलीस का?... हं... नाही, सगळे बरे आहेत. नाना बरे आहेत. ... अगं, एक चूक झाली आपल्याकडून. तुझ्या बाईंचं ते काळं वस्त्र."

पुढे तो नुसता ऐकत होता. मध्येच त्याचा चेहरा बदलला. "कोणाच्या?... बरं. ... बरं. ... नाही, आईला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं." आणि शेवटी, "तू नको सांगू त्यांना. चूक घरातली आहे, मी येऊन सांगतो."

फोन ठेवून खाली बसला. म्हणाला, "ते दुखवट्याचं आहे. त्या बाईंनी नवऱ्याच्या अंत्यविधीला नेसलेलं."

वैशालीने तोंडावर पदर घेतला.


१७ जानेवारी

आज तू मला वेगळा फोन केलास आणि समजावून सांगितलंस. दुखवट्याचा म्हणजे नुसता काळा, वर पाच ठिकाणी घराण्याची बारकी पांढरी खूण, दुसरी काही नक्षी नाही. तिकडच्या त्या पिक्चरांत काळ्या किमोनोतली विधवा हा ठरलेला प्रकारच आहे, आणि तू त्यावरच लिहिते आहेस. जे नेसलेल्या बाईवर कोणी नजर टाकू नये असं वस्त्र, ते नेसवून तिच्यावरच सगळ्यांची नजर वळवायची. तू म्हणालीस, "नाना, लोकांना दुःख दाखवून दुसरंच विकायचे. पण काही पिक्चरांत ती बाई त्यातूनही स्वतःचं काहीतरी मिळवते. ते मला शोधायचंय."

फोन ठेवला.

म्हणजे त्या विधवा होत्या. सगळ्या. मला आता एकेक आठवतं. खोलीत एक फोटो असायचा, पुढे उदबत्तीचा धूर. मला वाटायचं पूजा चालली आहे. फोटोतला माणूस मेलेला आहे हे मला कधी कळलंच नाही, कारण फोटोला हार नव्हता. आपल्याकडे हार घातला की कळतं. त्यांच्याकडे फोटोला हार घालत नसावेत. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं आणि ती बाई नवऱ्याच्या फोटोपुढे बसली होती. कोणालाच कळलं नाही. ती नटून आली आहे असंच आम्ही समजलो. मी तर काचेतून बघून तिच्या काळ्या रंगाचं कौतुकही केलं.

पण ती सकाळी पुन्हा पट्टा बांधते ते मात्र मी बरोबर बघितलं होतं असं वाटतं. हे खोडू नको.


१९ जानेवारी

सुनीलला रात्रपाळी नाही, घरीच. जेवण झाल्यावर माझ्या खोलीत आला. हा माझ्या खोलीत येतो तो बल्ब गेला असेल तरच. खुर्ची ओढून बसला.

"नाना, त्या पिक्चरांत हेच असायचं? हे वस्त्र?"

त्याने आजवर मला माझ्या कामाबद्दल काही विचारलेलं नाही. मी सांगितलं. पट्टा, बांबू, कट, ओरडा, हार नसलेला फोटो. जितकं तुला लिहिलं तितकंच, लाज वाटली तिथे जरा आवरतं घेतलं.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "शाळेत मला मॉर्निंग शो म्हणायचे. पोरं. नाव घेऊन कोणी हाक मारलीच नाही. ए मॉर्निंग शो, बॉल टाक."

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मला कधी बोलला नाहीस."

"बोलून काय, तुम्ही काम सोडलं असतं? आणि सोडलं असतं तर खाल्लं काय असतं?" चिडून नाही, असंच बोलला. मग म्हणाला, "मला वाटलं आता तिला म्हणतील. तिकडे जाऊन शिकून आली तरी म्हणतील."

"म्हणतील काही जण."

"आणि ती याच्यावरच लिहितेय? शिट्ट्या मारणाऱ्यांवर?"

"त्यांच्यावर आणि त्या बाईवर."

"मग असं सांगायचं ना मला."

तू तसंच सांगितलं होतंस, पहिल्या वाक्यानंतर त्यानेच ऐकलं नाही. पण हे मी बोललो नाही. उगाच कशाला. चांगलं चाललं आहे.

जाताना त्याने बल्ब वर बघितला. चालू होता.


२५ जानेवारी, रथसप्तमी

वैशालीचं मन लागेना. विधवेच्या दुखवट्याला कुंकू लावलं, तेही दुसऱ्याच्या देशातल्या. पाप लागेल का, त्या बाईंना वाईट वाटेल का, कोमलच्या जपानला जाण्यावर काही येईल का. मलाही नेमकं हेच वाटत होतं, त्यामुळे मी तिला समजावू शकलो नाही. उलट दोघं मिळून जास्त घाबरलो.

विहीणबाई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून खाटेवर. ऑपरेशन चांगलं झालं. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "तिले लागनं ते काय वाईट व्हयनं? इतला वरीसमा तिले कोनी तरी लायं." म्हणजे, इतक्या वर्षांत त्या बाईला कोणीतरी कुंकू लावलं, त्यात वाईट काय. आणि कूस बदलून झोपल्या.

आज शेवटचं हळदीकुंकू, घरातल्या घरात, भामरेबाई आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी. मी दाराच्या आड खुर्चीवर. त्या तिघी गेल्यावर वैशाली करंडा घेऊन आत आली आणि आईसमोर उभी राहिली. बोट पुढे केलं होतं.

विहीणबाईंनी बराच वेळ एका डोळ्याने त्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हयद लाव. कुकू ऱ्हाऊ दे."

वैशालीने हळद लावली. एवढंच झालं. नंतर दोघींनी मिळून भाजी निवडली.

तुला ही गोष्ट उपयोगी पडेल म्हणून नाही लिहीत.


२९ जानेवारी

सुनीलने रविवारी पुण्याला जायचं ठरवलं. डाग आहे तसाच आहे. ड्रायक्लीनवाल्याकडे द्यायचा नाही असं तू सांगितलंस, बाईच ठरवतील. बरोबर आहे. पण त्या काय ठरवतील? नुसतं चालेल म्हणून आत निघून गेल्या तर? जपानी माणूस रागावला तरी हसतो असं कोणीतरी मला सांगितलेलं.

सुनील फोनवर बघून माफी मागायचं जपानी शिकतो आहे. सुमिमासेन. चार दिवस झाले, दाढी करताना आरशात म्हणतो. आज बाहेरच्या खोलीत उभा राहून वाकून दाखवलं. वैशाली म्हणाली, "कारखान्यात साहेबापुढे कधी वाकला नाहीत."

विहीणबाईंची पट्टी निघाली आहे, काळा चष्मा आहे. त्या खाटेवरून म्हणाल्या, "जवाई, आखो खाले वाका. आते माले दिसस."

सगळे हसले. सुनीलसुद्धा. हे घर दिवाळीनंतर आज हसलं.

तरी एक आहे. तो माफी किमोनोची मागणार आहे. तुझ्याशी जे बोलला त्याचं काय, हे त्याने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. विचारलं आणि तो जायचाच थांबला तर?


१ फेब्रुवारी

सुनील सकाळच्या गाडीने गेला.

निघताना मी किमोनो तुझ्या आजीच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून दिला. घडी तू दाखवलीस तशी घातली, बाह्या एकमेकींवर. डाग वरच ठेवला, लपवायचा नाही असं त्याचं म्हणणं. वैशालीने तिळाच्या वड्या दिल्या, बाईंसाठी वेगळा डबा आणि तुझ्यासाठी वेगळा. तुझ्या डब्याला तिने दोरा बांधला, ओळखायला.

दारात तो म्हणाला, "नाना, तुम्ही जे लिहिताय ते तिच्या उपयोगाचं आहे?"

म्हणजे त्याला माहीत आहे. उशीच्या खोळीत ठेवून माझी मान उगाच अवघडली.

मी म्हटलं, "देव जाणे."

"लिहीत राहा," म्हणाला आणि गेला.

आता दुपार टळली. त्याचा फोन लागत नाही. घाटात रेंज नसेल. पण घाट केव्हाच संपला. बॅटरी गेली असेल. तुझा लागतो पण तू उचलत नाहीस. बाईंच्या घरी असाल, तिथे फोन उचलणं बरं दिसत नसेल, असं वैशाली म्हणते. तिचा चेहरा माझ्यासारखाच झाला आहे. विहीणबाई नव्या डोळ्याने सगळ्या घराला नावं ठेवत फिरताहेत, पंख्यावर धूळ शे, कोपऱ्यात जाळं शे.

मन गुंतवायला म्हणून पेटी आवरायला काढली. तळाशी वर्तमानपत्राची गुंडाळी.

पट्टा. किमोनोचा पट्टा इथेच राहिला. मीच वेगळा ठेवला होता, कसर लागू नये म्हणून, आणि निघताना सुनीलने विचारलं, सगळं घेतलं ना, तर मी हो म्हटलं. माफी मागायला गेला आणि अर्धीच वस्तू घेऊन गेला. बाई काय म्हणतील? वैशालीला सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली. मग हळूहळू हात खाली आला आणि माझ्याकडे बघायला लागली. मीही तिच्याकडे.

कोमल, पट्टा इथे आहे. वैशालीने पुन्हा गुंडाळून ठेवला आहे, हात धुऊन, कोरड्या हाताने. त्याला कोणी बोट लावणार नाही. तू जायच्या आत तो बाईंना पोहोचला पाहिजे. म्हणजे तुझ्या बापाने पुन्हा तिकडे यायला हवं, नाहीतर तू इकडे. तू आलीस तर दुपारची ये, रविवार बघून, तो घरी असतो.

बाई काय म्हणाल्या ते सावकाश सांग. तो पोहोचला का, तुम्ही दोघं कुठे जेवलात, आणि पट्टा न्यायला कोण येणार, एवढं मात्र लवकर कळव. आम्ही फोनपाशीच बसलो आहोत.